मुंबईचा पैसा, बर्मिंगहॅमचा ठसा

जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या हाती कधी तरी 1791 सालचा मुंबई इलाख्याचा तांब्याचा पैसा लागतो. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं बदामाच्या आकाराचं व्यापारचिन्ह, दुसरीकडे तराजू आणि पारड्यांच्या मधोमध फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. मुंबईचा पैसा, तेव्हा तो मुंबईच्या टांकसाळीतच पाडलेला असणार, असं बहुतेक जण धरून चालतात. तो पाडला गेला बर्मिंगहॅमजवळ सोहो इथे, मॅथ्यू बोल्टनच्या टांकसाळीत, आणि जहाजातून इकडे आला.

बोल्टन हा कारखानदार. नाणी पाडणं हे फक्त सरकारचं काम, ही समजूत अठराव्या शतकाला लागू पडत नाही. 1775 नंतर लंडनच्या सरकारी टांकसाळीने बरीच वर्षं तांब्याची नाणी काढलीच नाहीत. बाजारात खोट्या हाफपेनींचा सुळसुळाट झाला, तेव्हा 1787 पासून खाणमालक आणि कारखानदार स्वतःचीच तांब्याची नाणी पाडून घेऊ लागले. पेशवाईतही टांकसाळीचा परवाना सोनार-सराफांना मिळे. वजन आणि कस यांच्या अटी सरकारच्या. रुपयावर नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचं!

यंत्राचं नाणं म्हटलं की लोकांना वाफेचं इंजिन आठवतं. लंडनमध्ये 1662 पासून नाणी नियमितपणे यंत्रावरच पडत होती, पण ते यंत्र माणसं ओढत. मोठा उभा स्क्रू, त्याला आडवा दांडा, दांड्याच्या टोकांना वजनं. माणसं दोऱ्यांनी दांडा फिरवत आणि खाली बसलेला एक जण ठोक्याठोक्याला चकती आत सरकवे. त्याची बोटं कायम धोक्यात. बोल्टनने 1788 च्या सुमारास याच स्क्रू प्रेसला वाफ जोडली. ती पद्धत लगेच जगभर पसरली, असंही नाही. 1792 साली स्थापन झालेल्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत वाफेवर नाणी पडायला 1836 उजाडावं लागलं.

तरीही खरी अडचण यंत्राची नव्हतीच. ती ठशाची होती. प्रत्येक ठसा कारागीर नव्याने कोरतो, अशी आपली कल्पना असते. चांगल्या युरोपीय टांकसाळीत आधी मऊ पोलादावर उठावाचा एक मूळ ठसा कोरत, तो तापवून पाण्यात बुडवून कडक करत आणि त्यावरून खोलगट कामाचे ठसे उमटवत. पोलादाला पाणी देताना जरा चुकलं की ठसा तडकायचा. महिन्यांची मेहनत वाया. असे ठसे कोरणारा कारागीर बोल्टनला पॅरिसमध्ये भेटला. तिथल्या झाँ-पिएर द्रोझ या स्विस कारागिराने नाण्याच्या कडेवर अक्षरं उमटवणारं, तुकड्यांचं कडं बनवलं होतं. बोल्टनने त्याच्याशी करार केला. द्रोझची कलाकुसर अप्रतिम, पण ठसे वेळेवर येईनात. भांडण लवादापर्यंत गेलं आणि त्याने सोहो सोडलं. रोजच्या कामात त्याचं ते कडं टिकलं नाही. बोल्टनने साधं अखंड कडं वापरलं आणि त्यातून नाणी एकसारखी गोल पडू लागली. पुढे 1793 पासून कॉनराड क्युखलर हा जर्मन कोरणारा सोहोत रुजला.

आपल्याकडची नाणी अशी एकसारखी नसत. मराठी रुपयावरचा मजकूर अर्धवट दिसला की तो खोटा, असं म्हणणारे अजून भेटतात. हाताने घण मारून पाडलेल्या त्या रुपयांचा ठसाच अनेकदा चकतीपेक्षा मोठा असे. जेवढं मावेल तेवढं उमटायचं. खरेखोटेपणा सराफ वजनावर आणि कसावर ठरवी.

आणि यंत्रामुळे खोटी नाणी थांबली? बोल्टनची आशा तीच होती. 1797 साली त्याने काढलेली पेनी भरभक्कम एक औंसाची, जाड उंच काठाची आणि त्या काठात खोल अक्षरांची. तिच्याही नकला निघाल्या. तांबं महागलं तसं तिला वितळवण्यातही फायदा दिसू लागला. 1799 साली हाफपेनी आली, ती या पेनीच्या प्रमाणात वजनाने हलकी.