हैदराबादची फुप्फुस-आरोग्य परिषद

३० ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०१९ या दिवसांत फुप्फुसांच्या आरोग्याविषयीची ५० वी जागतिक परिषद आपल्या हैदराबादेत भरली. क्षयरोग्यांची शुश्रूषा करणारी परिचारिका म्हणून आम्हांसही हजर राहण्याचा योग आला. समारंभाचे वर्णन करीत नाही. आमच्या मनात एकच विषय घर करून होता : कानामायसिन.

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर हे इंजेक्शन महिनोन्‌महिने जवळजवळ रोज द्यावे लागे. त्याने आंतरकर्णातील सूक्ष्म केशपेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच स्वर, म्हणून रोग्यास प्रारंभी कळतच नाही. एका मुलीने आम्हांस विचारले होते, "सिस्टर, तुम्ही हल्ली इतके हळू का बोलता ?" सुई आमच्याच हातची होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालीच हे औषध वगळण्यास सांगितले होते. हैदराबादेत चर्चा झाली ती नुसत्या गोळ्यांच्या उपचाराची. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या सहा महिन्यांच्या उपचारास भारतात २०२४ साली मान्यता मिळाली. मात्र लिनेझोलिडने हातापायांना मुंग्या येतात, अंगातले रक्तही कमी होते. म्हणून रोग्याजवळ बसताच आम्ही प्रथम विचारतो ते मुंग्यांविषयी.