चिपाडाची वीज

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर बॉयलर अग्निप्रदीपन होतं. एखाद्या संचालकाच्या हस्ते सपत्नीक पूजा, मग भाषणं. भाषणांत साखरेचा उतारा असतो, गाळपाचं उद्दिष्ट असतं, ऊसदर तर असतोच. ज्याची पूजा झाली त्या बॉयलरवर मात्र कोणी फारसं बोलत नाही.

एक टन ऊस गाळला की साधारण २८० किलो चिपाड उरतं. कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. शेवटच्या मिलमधून निघालेलं चिपाड मुठीत घेतलं तर कोरडं, भुसभुशीत लागतं; वजनात मात्र जवळपास निम्मं पाणी. तेच जाळून वाफ करायची, वाफेवर मिल चालवायची आणि रस आटवायचा, ही जुनी घडी.

गंमत म्हणजे जुने २१ किंवा ३२ किलो दाबाचे बॉयलर खादाड असलेलेच बरे वाटत. त्यांनी कमी खाल्लं असतं तर आवारात ढीग साचला असता, वर आग लागण्याची धास्ती. कागद गिरण्या नेत त्या थोडंफार. बाकी वाचवून करायचं काय? उधळपट्टीच व्यवहारात बसत होती.

गिऱ्हाईक मिळालं तेव्हा हे बदललं. राज्य वीज नियामक आयोगाने २००२ मध्ये बगॅसवरच्या विजेचा दर ठरवून दिला आणि ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर परवडू लागले. जास्त दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि दाब उतरल्यावर तीच रस आटवायला जाते. एका जळणात दोन कामं, हीच सहवीज. कारखाना भागवून उरलेली वीज महावितरणला.

कुमठ्याच्या श्री सिद्धेश्वर सहकारी कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी तर राज्यभर गाजली. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरलेली ही चिमणी वर्षानुवर्षांच्या वादानंतर १५ जून २०२३ रोजी पाडली. विमान हवं की कारखाना, यावर शहर भांडलं. चिपाडापासून वीज करणाऱ्या यंत्रणेचं मोल त्या भांडणात कोणी मोजल्याचं आठवत नाही.

डिस्टिलरीची गोष्ट वेगळी. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ-दहा लिटर काळं, उग्र वासाचं स्पेंटवॉश निघतं. एकेकाळी ते ओढ्यानाल्यांत जाई. आता ते आटवून जाळतात किंवा प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळात, मिसळून खत करतात. इथे कामी आला तो प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दट्ट्या. म्हणजे चिपाडाला भाव मिळाला, स्पेंटवॉशला नियम. दोन्ही मार्गी लागले, निदान कागदावर तरी.

पाण्याला यांतलं काहीच धड मिळालं नाही. कारखान्याच्या आत पाण्याची अडचण कमीच. उसातच सत्तर टक्के पाणी, रस आटवताना निघालेलं पाणी पुन्हा वापरता येतं. खरा खर्च शिवारात. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात उजनी धरणाच्या कालव्यावर आणि खोल बोअरवर ऊस उभा राहतो, आणि बऱ्याच ठिकाणी अजून पाटानेच भिजतो. काटकसर कारखान्याच्या फाटकाशी थांबते, ती इथे.

वार्षिक अहवालात उतारा दोन दशांश स्थळांपर्यंत छापतात. सभासदांनो, येत्या सर्वसाधारण सभेत एवढंच विचारा: टनभर उसामागे शेतात पाणी किती गेलं, आणि आपल्या गटात ठिबकवर ऊस किती एकर आहे?