मतदानाआधीची दहा पानं

मार्च १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर एका विमानाचा प्रश्न होता. ध्वनीहून वेगवान असं प्रवासी विमान बोइंग बांधणार आणि पैसा सरकार घालणार. खासगी कंपनीच्या मालाला करदात्याचा पैसा का, यावर मुक्त बाजारवाल्यांनी बोलायलाच हवं होतं. प्रतिनिधिगृहाने २१७ विरुद्ध २०३ मतांनी निधी नाकारला, सिनेटनेही ५१ विरुद्ध ४६ असा तोच कौल दिला. हे सगळं उरकल्यावर सिनेटर गॉर्डन अ‍ॅलट यांचे प्रसिद्धी सचिव पॉल वायरिक यांच्या हाती अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूट या मुक्त बाजारवादी थिंक टँकचा याच विषयावरचा अभ्यास पडला. अभ्यास चांगला होता. आधी का नाही पाठवला, या प्रश्नाला उत्तर मिळालं ते असं, की मतदानावर आमचा प्रभाव पडू नये म्हणून.

या सावधपणाला कारण होतं. संस्थेचे प्रमुख विल्यम बारूडी यांनी १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या प्रचारात हात घातला होता आणि त्यानंतर करखात्याची चौकशी मागे लागली होती. वायरिक आणि खासदार फिल क्रेन यांच्या कार्यालयातले एड फुल्नर यांना मात्र ते पटलं नाही. जो अभ्यास मतदानानंतर पोहोचतो, तो कोणासाठी लिहिला? १९७३ मध्ये बिअरवाले जोसेफ कूर्स यांच्या अडीच लाख डॉलरवर हेरिटेज फाउंडेशन उभं राहिलं, ते याच प्रश्नातून.

तिथपासून थिंक टँकमध्ये एक नवं काम रुजलं: संसदीय कामकाज पाहणाऱ्यांचं. अर्थतज्ज्ञ लिहितो, आणि हा माणूस कोणतं विधेयक कोणत्या समितीत आहे, कलमवार चर्चा कधी आहे, दुरुस्ती कोण मांडणार आहे, हे डोक्यात ठेवून ते लिखाण योग्य हाती पोहोचवतो. हेरिटेजचं कार्यालयही मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवर, सिनेटच्या इमारतींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

या कामात गाठ क्वचितच थेट खासदाराशी पडते. प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला १८ पूर्णवेळ कर्मचारी ठेवता येतात, त्यातले बरेच मतदारसंघात असतात. वॉशिंग्टनमध्ये उरलेल्यांपैकी पंचविशीतला एखादा सहायक शेती, ऊर्जा आणि करविषय एकट्याने सांभाळतो. तीनशे पानांचा ग्रंथ त्याच्या काय कामाचा? म्हणून हेरिटेजने स्वतःला ‘ब्रीफकेसची कसोटी’ घालून घेतली. विमानतळावरून कॅपिटॉलपर्यंतच्या मोटारप्रवासात वाचून होईल, एवढंच टिपण लिहायचं. साधारण दहा पानं. मोठा विषय दहा पानांत प्रामाणिकपणे बसवणं किती कठीण असतं, हे लिहिणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. माझ्या मते या संस्थेचा सर्वांत टिकाऊ शोध हाच.

तज्ज्ञाची साक्ष असेल तर तयारी आणखी बारीक असते. लेखी निवेदन आधी द्यायचं आणि तोंडी बोलायला पाच मिनिटं. समोरच्या टेबलावर हिरवा, पिवळा, लाल असे दिवे असतात. लाल लागला की वाक्य आवरायचं. हेरिटेजच्या निवेदनांत बहुधा हेही लिहिलेलं असतं, की ही मतं साक्षीदाराची स्वतःची आहेत, संस्थेची अधिकृत भूमिका नव्हे, आणि संस्था सरकारचा पैसा घेत नाही. समितीचं लेखी निमंत्रण जपून ठेवलं जातं, कारण करसवलत घेणाऱ्या धर्मादाय संस्थेला विधेयकांसाठी रदबदली जेमतेमच करता येते. १९७६ च्या कायद्याने दिलेला खर्चाच्या मोजमापाचा पर्याय घेतला, तर कितीही मोठ्या संस्थेला वर्षाला दहा लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे. समितीने लेखी मागितलेला सल्ला त्या हिशेबात धरत नाहीत.

आपल्याकडे हे काम अशा रूपात का वाढलं नाही? मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ काढला. कायदेपंडित नानी पालखीवालांची अर्थसंकल्पावरची भाषणं ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियमवर गर्दी लोटायची. पण ते बोलणं नागरिकांशी होतं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तर व्हिप निघाला की खासदाराला स्वतःचं मत वापरायला जागाच उरली नाही, मग टिपण देऊन एकेकट्याला पटवण्यात हशील काय! अमेरिकेतला सदस्य पक्षाविरुद्ध मत देऊनही सदस्य राहतो. त्या मोकळीकीवरच हे काम उभं आहे, आणि ती आपल्याकडे नाही याची मला खंत वाटते.

पण जिथे पटवता येतं तिथे दटावण्याचा मोहही होतो. २०१० मध्ये हेरिटेजने ‘हेरिटेज अ‍ॅक्शन’ ही वेगळी संस्था काढली. तिला रदबदलीची मुभा होती आणि ती मतदानावरून खासदारांना गुण देऊ लागली. २०१३ मध्ये शेती विधेयक आलं. शेती अनुदानं आणि गरिबांचं अन्नसाहाय्य एकाच विधेयकात बांधायची तिथली जुनी रीत, म्हणजे ग्रामीण आणि शहरी मतं एकत्र येतात. हे दोन विषय वेगळे करा, असा हेरिटेजचा आग्रह होता. जूनमध्ये एकत्र विधेयक पडलं. जुलैमध्ये रिपब्लिकन नेतृत्वाने ते खरोखर वेगळं केलं, तरी हेरिटेज अ‍ॅक्शनने विरोधातच मत द्या असं बजावलं, कारण अनुदानं तशीच होती. तत्त्व म्हणून भूमिका चुकीची नव्हती. पण ज्या खासदारांनी हेरिटेजचा शब्द मानून अंगावर रोष घेतला, त्यांनाच नापास ठरवलं गेलं.

त्यामुळे ऑगस्टमध्ये रिपब्लिकन स्टडी कमिटीने आपल्या साप्ताहिक बैठकीला हेरिटेजच्या कर्मचाऱ्यांना यायला मनाई केली. हा सनातनी खासदारांचा गट १९७३ चा, हेरिटेजच्याच वर्षीचा. फुल्नर त्याचे कार्यकारी संचालक राहिलेले. बंदी टिपणं लिहिणाऱ्या अभ्यासकांनाही लागू झाली, गुण देणं त्यांचं काम नसताना. माझ्या लेखी खरं नुकसान त्यांचं झालं: मतदानाआधी आत जाऊन दोन शब्द सांगायची मुभा गेली, आणि तीच मिळावी म्हणून ही संस्था काढली होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये शेती आणि अन्नसाहाय्य पुन्हा एकाच विधेयकात बांधले गेले आणि त्यावर ओबामांची सही झाली.