होडीची मोटार आणि पाण्याचा नियम

मध्य रेल्वेचे आंबिवली स्टेशन शहाड आणि टिटवाळ्याच्या मध्ये आहे. गावाच्या एका अंगाला काळू नदी, तर दुसऱ्या अंगाला मोहन्यावरून वाहणारी उल्हास. मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला. नदीतून पाणी उपसणे मात्र चालूच आहे आणि कल्याण-डोंबिवलीच्या असंख्य नळांना हेच पाणी येते. पावसाळा सरला की या पात्रावर जलपर्णी पसरते, काही ठिकाणी पाणी दिसेनासे होते. नदीकाठ सुशोभित करावा, तिथे नौकाविहार असावा, असे कोणत्याही शहराला वाटते. इथे मात्र होडी सोडण्याआधी तिला मोटार कोणती लावायची, हे ठरवावे लागेल. कारण खालचे पाणी लोक पितात.

आज आपल्याकडे सहलीच्या होडीला बहुधा पेट्रोलचे किंवा डिझेलचे इंजिन असते. मागच्या फळीला अडकवलेल्या पेट्रोल मोटारीला कोकणातले मच्छीमार ‘ओबीएम’ (आउटबोर्ड मोटार) म्हणतात. जुन्या टू-स्ट्रोक ओबीएमची रचनाच अशी, की सिलिंडरमध्ये नवे इंधन शिरत असताना जळलेला वायू बाहेर ढकलला जातो आणि त्याच्याबरोबर न जळलेले पेट्रोल-ऑइलही निसटते. हे प्रमाण पाव हिश्शापर्यंत जाऊ शकते आणि या मोटारींचा धूर पाण्याखालीच सोडलेला असतो. धक्क्याजवळच्या पाण्यावर दिसणारा सप्तरंगी तवंग बराचसा इथूनच येतो. फोर-स्ट्रोक इंजिनांनी हा दोष पुष्कळ कमी केला, पण आवाज, धूर आणि कॅनमधून टाकीत ओतताना सांडणारे पेट्रोल तसेच राहिले.

विजेची मोटार या सगळ्यावरचा नवा उपाय वाटतो, पण होडीच्या बाबतीत ती पेट्रोलच्या आधीची आहे. १८३८ मध्ये मोरिट्झ याकोबी याने सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीत बॅटरीवर होडी चालवून दाखवली. १८८१ मध्ये पॅरिसला गुस्ताव्ह त्रूव्हे याने सुकाण्याच्या माथ्यावर छोटी मोटार बसवली, पंखा सुकाण्यातच ठेवला आणि सारे यंत्र उचलून घरी नेता येईल असे केले. जगातली पहिली आउटबोर्ड मोटार ती हीच. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात विजेच्या पन्नासाहून अधिक नौका प्रेक्षकांना तलावांतून फिरवत होत्या. पुढे पेट्रोल इंजिन आले आणि शिशाच्या जड बॅटऱ्यांना त्याच्यापुढे टिकता आले नाही.

एका तळ्यावर मात्र वीज टिकली. बव्हेरियातल्या क्योनिग्सझे सरोवरात १९०९ पासून प्रवासी नौका विजेवरच चालतात. त्या डोंगरात राजघराण्याची शिकारीची राने होती आणि इंजिनाच्या आवाजाने जनावरे बुजू नयेत, अशी तिथल्या राज्यकर्त्याची इच्छा होती. कारण राजेशाही असेल, पण त्या पाण्यावर नियम आला आणि तंत्रज्ञान त्याच्या मागून आले. याच प्रदेशातल्या श्टार्नबेर्ग सरोवरावर पेट्रोल मोटारींचे परवाने मोजकेच दिले जातात आणि त्यांची प्रतीक्षायादी लांबलचक असते. २००५ मध्ये टॉर्कीडो ही विजेच्या आउटबोर्ड मोटारींची कंपनी निघाली, ती त्याच काठावर. २०२४ मध्ये ती यामाहाने विकत घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या मर्क्युरीने आपली अ‍ॅव्हेटर ही विजेची मालिका बाजारात आणली होती. पेट्रोल ओबीएममधली ही दोन मोठी नावे. त्यांनी इकडे पैसा लावला, म्हणजे हा आता हौशी लोकांचा प्रयोग राहिलेला नाही.

तरीही विजेवर सगळेच जमत नाही, आणि का जमत नाही हे नीट समजून घेतले पाहिजे. पाण्यातून जाणाऱ्या साध्या होडीचा वेग दुप्पट करायचा, तर शक्ती ढोबळमानाने आठपट लागते. समजा, दहा-बारा माणसांच्या होडीला ताशी ६ किलोमीटरने जायला २ किलोवॉट लागतात. १० युनिटांच्या बॅटरीवर ती पाच तास चालेल आणि ३० किलोमीटर जाईल. तीच होडी ताशी १२ किलोमीटरने हाकली, तर १६ किलोवॉट लागतील, बॅटरी चाळीस मिनिटांच्या आतच संपेल आणि अंतर आठ किलोमीटरही होणार नाही. रमतगमत फिरायला वीज उत्तम, शर्यतीला महाग.

खर्चाचा हिशेब याच्या जोडीने मांडावा. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते, पण छोट्या ओबीएममध्ये त्यातली एक-दीड युनिटच पाणी ढकलायला कामी येते. बाकीची उष्णता होऊन जाते. विजेच्या मोटारीत बॅटरीतल्या ऊर्जेचा साधारण निम्मा भाग कामी येतो. म्हणजे लिटरभर पेट्रोलचे काम दोन-तीन युनिटांत होते. पेट्रोल शंभरीपार गेलेले असताना हा फरक होडीवाल्याला रोज संध्याकाळी गल्ल्यात दिसेल. त्याला अडते ते बॅटरीच्या सुरुवातीच्या किमतीपाशी.

भारतात हे गणित केरळने सोडवून दाखवले आहे. वैक्कम ते तवणक्कडवू या वेंबनाड सरोवरातल्या फेरीवर जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ आसनांची सौर नौका धावते. तिला २० किलोवॉटच्या दोन मोटारी, सुमारे ५० युनिटांची लिथियम बॅटरी आणि छतावर २० किलोवॉटची सौर पॅनेल आहेत. ती यशस्वी झाली, कारण अंतर अडीच-तीन किलोमीटरचे, वेग बेताचा आणि फेऱ्या ठरलेल्या. २०२३ मध्ये कोचीची वॉटर मेट्रो सुरू झाली. तिच्या नौका धक्क्याला लागल्यावर थोड्याच वेळात चार्ज होतात. स्टॉकहोममध्ये २०२४ मध्ये उतरलेल्या कँडेला कंपनीच्या, पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाणाऱ्या नौकेने वेग आणि वीज दोन्ही साधले. ते यंत्र देखणे आहे, पण प्लास्टिक आणि फांद्या वाहून आणणाऱ्या आपल्या खाडीत त्या पंखांचे काय होईल, याची धास्ती वाटते.

ठाणे-कल्याण पट्ट्याला ‘आदित्य’चा धडा जास्त लागू पडतो. ठाण्यात तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावात, घटकाभर फेरी मारायला होडी लागते. तिथे वेग कुणी मागत नाही. रात्रभर काठावर उभी राहणारी होडी साध्या प्लगवर सकाळपर्यंत चार्ज होईल. या पट्ट्याबाहेर, साताऱ्याकडे कोयनेच्या शिवसागर जलाशयात तापोळा, बामणोली आणि अलीकडे मुनावळे इथे पर्यटकांची गर्दी वाढते आहे. तिथे अंतरे मोठी आहेत. त्यामुळे लांबच्या फेऱ्यांना काही वर्षे इंजिन राहील, पण काठाजवळच्या फेऱ्या आजही विजेवर चालू शकतात. कल्याण-ठाणे-वसई हा उल्हास आणि खाडीचा मार्ग तर २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग ५३ ठरला आहे. डोंबिवली, काल्हेर, कोलशेत इथल्या जेट्ट्या त्याच्या पहिल्या टप्प्यात येतात. केंद्राच्या ‘हरित नौका’ धोरणाने देशांतर्गत प्रवासी नौका हरित करण्यासाठी २०४५ पर्यंतचे लक्ष्य ठेवले आहे. जेट्टीचे काँक्रीट पडतानाच चार्जिंगची केबल टाकली, तर पुढे पुन्हा फोडाफोड करावी लागणार नाही.

आंबिवली-मोहन्याच्या पात्रात अडचण वेगळी आहे. जलपर्णीची केसाळ, चिवट मुळे पंख्यात शिरली की त्याच्या दोन-तीन गिरक्यांतच दांड्याभोवती दोरखंडासारखी आवळत जातात. पेट्रोल इंजिन घरघरत बंद पडते. विजेच्या मोटारीत ताण वाढला की प्रवाह वाढतो आणि नियंत्रक तो तोडतो, मोटार जळत नाही. होडी मात्र तिथेच अडकते. मग नावाडी मोटार वर उचलतो आणि कोयत्याने मुळे कापत बसतो. तेव्हा इथे आधी सांडपाणी रोखायला हवे, कारण जलपर्णी त्याच्यावरच पोसली जाते. नौकाविहाराची निविदा नंतरची. हा क्रम उलटा केला, तर उत्तम मोटारही उपयोगाची नाही.

बाकी तलावांच्या बाबतीत थांबायला कारण नाही. नौकाविहाराचे ठेके पालिका ठरावीक मुदतीने नव्याने देतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी पुढच्या निविदेत तीन अटी घालाव्यात: मोटार असेल तर ती विजेचीच, काठावर चार्जिंगची जागा पालिकेची, आणि बॅटरीची हमी किमान ठेक्याच्या मुदतीइतकी. ठाणे-कल्याणच्या वाचकांनी आपल्या प्रभागात तलाव असेल, तर तिथला ठेका कधी संपतो ते पालिकेत जाऊन विचारावे आणि निविदा निघण्याआधी या अटींचा लेखी अर्ज द्यावा.