ब्लड कॅन्सरच्या रुग्णाला बुरशीचे औषध का लागू पडत नाही?

ब्लड कॅन्सरच्या रुग्णासाठी रक्तदाते शोधणे, योजनेची कागदपत्रे पूर्ण करणे, मुंबईत राहण्याची सोय लावणे ही कामे आपले कार्यकर्ते जीव तोडून करतात. पण अनेक रुग्ण कॅन्सरने नव्हे, तर उपचारादरम्यान झालेल्या जंतुसंसर्गाने दगावतात. त्यातील बुरशीच्या संसर्गाविषयी आपल्या वस्त्यांत फारसे बोलले जात नाही, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. आपण रोज ते श्वासावाटे आत घेतो आणि पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. केमोथेरपीत या पेशी कमी होतात आणि बुरशी फुप्फुसात पसरते. तिच्यावर व्होरिकोनॅझोल हे प्रमुख औषध आहे. काही रुग्णांत मात्र बुरशी त्याला दाद देत नाही.

अशा वेळी घरच्यांना ऐकावे लागते, "गोळ्या वेळेवर दिल्या नसतील." ज्या रुग्णाने हे औषध आयुष्यात कधी घेतलेले नाही, त्याच्याही फुप्फुसात अशी बुरशी सापडते. मग ती येते कुठून?

शेतातून. द्राक्षावरील भुरीसाठी फवारले जाणारे टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल हे व्होरिकोनॅझोलचेच भाऊबंद. फवारलेला पालापाचोळा कुजताना त्यातील अ‍ॅस्परजिलसला या रसायनांची सवय होते आणि तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर दूर जातात. फुलशेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या नेदरलँड्समध्ये हे आधी ठळकपणे दिसले. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात, औषध लागू पडणाऱ्या बुरशीच्या रुग्णांपैकी 37 टक्के 90 दिवसांत दगावले, तर औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीच्या रुग्णांपैकी 62 टक्के. भारतातील मातीतही अशी बुरशी असल्याचे दिल्लीच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवले. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या बुरशीला सर्वाधिक धोक्याच्या गटात ठेवले.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे?

केमोनंतर ताप उतरत नसेल, खोकला किंवा छातीत दुखणे असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बुरशी सापडल्यास "कोणते औषध लागू पडते याची तपासणी होईल का?" असे डॉक्टरांना विचारावे. पर्यायी औषध अ‍ॅम्फोटेरिसिन शिरेतून द्यावे लागते आणि महाग पडते. ते योजनेत बसते का, हे आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्यावे. मेडिकलमधून परस्पर फ्लुकोनॅझोल आणू नये. ते अ‍ॅस्परजिलसवर चालतच नाही. रुग्णाला बांधकामाची धूळ, ओल धरलेल्या भिंती, कुंड्या आणि शेणखत यांपासून लांब ठेवावे.

शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. पीक वाचवायला तोही औषध शोधतोच. पण शेतातली फवारणी कृषी खाते पाहते, रुग्ण आरोग्य खाते पाहते, आणि बुरशी मात्र दोन्हीकडे फिरते. दोन्ही खात्यांनी मिळून तिच्यावर नजर ठेवावी आणि ही तपासणी सरकारी रुग्णालयांत मोफत मिळावी, ही मागणी आता आपण लावून धरली पाहिजे.