जॉकी खोगिरावर बसत का नाही?

पुण्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर पावसाळ्यात शर्यती असतात. नीट पाहा, धावत्या घोड्यावर जॉकी बसलेला नसतोच! आखूड रिकिबींत पाय, गुडघे वाकलेले, पाठ जवळजवळ आडवी.

असं का? मुलांना सायकल आठवायला सांगा. स्पीडब्रेकर आला की आपण सीटवरून किंचित उठतो. धक्का पाय झेलतात. तसंच इथे. वजन घोड्यावरच असतं, पण प्रत्येक झेपेला ते हिसकत नेण्याचे घोड्याचे श्रम वाचतात. १९०० च्या सुमारास ही पद्धत रुळली, तेव्हा शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या, असं २००९ मध्ये संशोधकांनी दाखवलं.

पण आधार फक्त रिकिबींचा. तोल गेला तर जॉकी थेट टापांखाली. ‘यात काय अवघड?’ असं मुलं म्हणाली, तर दोन मिनिटं गुडघे वाकवून उभं राहायला सांगा!