मिसिंग गाडी आणि ऑक्सिजन सेन्सरची साक्ष

गाडी मिसिंग मारते, चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो, स्कॅनर लावला की कोड निघतो पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी. आणि सायलेन्सरमागे उभं राहिलं तर कच्च्या पेट्रोलचा वास येतो. या दोन गोष्टी जुळत नाहीत, म्हणून गॅरेजमध्ये निदान होतं: ‘सेन्सर चुकीचं दाखवतोय, बदलून टाका.’ नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो आणि थोडी गाडी चालली की दिवा परत लागतो. काढलेला जुना सेन्सर बहुतेक वेळा धडधाकट असतो.

या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी एकच समजूत आहे: ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजतो. तो पेट्रोल मोजत नाही. एक्झॉस्टमध्ये उरलेला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांच्यातल्या फरकावर झिर्कोनियाच्या सेन्सरमध्ये व्होल्टेज तयार होतं. ऑक्सिजन जवळजवळ संपला असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, बऱ्यापैकी उरला असेल तर ०.१ च्या आसपास. पेट्रोल कमी की जास्त, हे इंजिनचा ईसीयू त्यावरून ताडतो. हा अंदाज बरोबर येतो तो एका अटीवर: आत गेलेलं मिश्रण पेटलं पाहिजे.

मिसिंगमध्ये, म्हणजे मिसफायरमध्ये, नेमकी हीच अट मोडते. चार सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर पूर्ण बंद पडला, तर त्यातली हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता बाहेर पडतात. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. चारातला एक वाटा कोरा बाहेर पडला, म्हणजे एकत्र झालेल्या धुरात साधारण ५ टक्के ऑक्सिजन. चारही सिलिंडर नीट पेटत असताना हाच आकडा १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली असतो. सेन्सरला हा वाढलेला ऑक्सिजन दिसतो आणि तो ‘लीन’ सांगतो. त्याच धुरात कच्चं पेट्रोल आहे हे सांगणं त्याचं कामच नाही. वास आणि कोड, दोन्ही खरे.

पुढचं नुकसान ईसीयूच्या प्रामाणिकपणामुळे होतं. पेट्रोल कमी आहे असं कळल्यावर तो इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. स्कॅनरवर शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम अधिककडे सरकतो, मागोमाग लाँग टर्मही. निरोगी गाडीत हे आकडे शून्याच्या आसपास, फार तर १० टक्क्यांच्या आत असतात. अशा गाडीत ते २०–२५ पर्यंत चढू शकतात. जादा पेट्रोल फक्त बिघडलेल्या सिलिंडरला मिळत नाही, नीट चालणाऱ्या तिघांनाही मिळतं. चारही प्लग खोलून क्रमाने फडक्यावर मांडा. ज्याची कॉइल मेली आहे त्याचा प्लग ओला, पेट्रोलचा वास मारणारा. बाकीचे तीन कोरडे पण काजळीने काळे. हे तीन काळे प्लग बघून कुणी ‘गाडी रिच चालतेय’ म्हणालं तर ते चूक नाही. पण ती रिच झाली आहे ‘लीन’च्या सांगीवरून.

याहून फसवा प्रकार गळक्या इंजेक्टरचा. एका सिलिंडरमध्ये इतकं पेट्रोल पडतं की ठिणगीच धरत नाही. न जळलेली हवा बाहेर येते आणि सेन्सर पुन्हा लीनच दाखवतो. मूळ दोष जास्त पेट्रोलचा, निदान कमी पेट्रोलचं! म्हणून मिसफायर चालू असताना ट्रिमच्या आकड्यांवरून मिश्रणाबद्दल मत बनवू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

‘ईसीयू सांभाळून घेतो, चालवत राहा’ हे सर्वांत महागात पडणारं मत आहे. न जळलेलं पेट्रोल आणि ऑक्सिजन एकत्र कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोचतात आणि तिथे पेटतात. आतली सिरॅमिकची जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तो हाच इशारा असतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडावा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी. काही गाड्यांत ईसीयू त्या सिलिंडरचं पेट्रोलच तोडतो. मग तिथून निव्वळ हवा येते आणि त्या वेळचं ‘लीन’ तर मिश्रणाबद्दल काहीच सांगत नाही.

सीएनजीच्या गाड्यांत मिसफायर आधी दिसतो, कारण सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर चढणीला झटके, असं असेल तर किटचं ट्यूनिंग उघडण्याआधी प्लग आणि कॉइल तपासा. रीमॅप करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. वाइडबँड मीटरसुद्धा ऑक्सिजनवरूनच हिशेब करतो. वरच्या आरपीएमला ठिणगी तुटत असेल तर मीटर लीन दाखवतो. ते बघून मॅपमध्ये पेट्रोल वाढवलं की प्लग आणखी भिजतो.

तपासाची सुरुवात सोपी आहे. पी०३०१ आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. त्याची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलचा. नाही हलला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडातून हवा शिरत नाही ना, हेही पाहा, कारण सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल तरी असंच खोटं लीन येतं. मिसिंग गेल्यावर ट्रिम रीसेट करून गाडी थोडी चालवा. आकडे शून्याजवळ येऊन टिकले तर सेन्सरला हात लावायची गरज नाही. मिसिंग गेल्यानंतरही ते वरच राहिले, तरच त्याची चौकशी करा.